हात मागे ठेवून

१ तारीख, सोमवार. सकाळ.
आजपासून नवं काम. शाश्वत पर्यटन प्रकल्प, व्हॉलंटियर ट्रेनिंग. मुख्य प्रशिक्षक मी. वही नवी, पेन नवं, माणूसही नवाच म्हणायला हरकत नाही. संकल्प: महिनाभर कोणावरही हात उगारायचा नाही. म्हणजे एरवी उगारतो असं नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.

शाळेतली नोकरी सुटली ते एका अर्थी चांगलंच झालं. कवायत शिकवण्यात माझी कला वाया जात होती. त्या मुलाचा कान आता बरा आहे असं ऐकतो.

संध्याकाळ.
कामाचं स्वरूप समजलं. मोठा तलाव. मध्ये वाळूचं बेट. तिथे पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात आणि ती बघायला पाहुणे येतात. पाहुणे अंडी तुडवतात आणि होडीवाले पाहुण्यांसाठी एकमेकांची डोकी फोडतात. आमच्या पोरांनी हे दोन्ही थांबवायला शिकायचं. बॅच पास झाली की दोन वर्षं परदेशातल्या एका गरीब बेटावर हेच काम, बरोबर एक लीडर. लीडर अजून ठरायचा आहे, असं संचालिका मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. बहुतेक संकोच वाटला असावा.

बॅचमध्ये आठ जण, सगळे विशीतले. त्यात माझी मुलगी. तिने नाव नोंदवलं तेव्हा ट्रेनर कोण हे तिला माहीत नव्हतं. आज मला फळ्यापुढे बघून ती बराच वेळ काही बोललीच नाही. आनंद अचानक झाला की असं होतं.

घरी आमचं फारसं बोलणं होत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. तिकडे समुद्राकाठी दोन वर्षं बापलेक एकत्र राहू, निवांत बोलू. म्हणून लीडर मीच व्हायचं. ठरलं.

वर्गात मात्र तिने मला सरच म्हणायचं, असा नियम केला. ती लगेच हो म्हणाली.

३ तारीख.
प्रात्यक्षिक पहिलं: धक्क्यावरची भांडणं शांततेने सोडवणे.

नमुना आयताच मिळाला. दोन होडीवाले एका पाहुण्या मावशींचा एकेक हात धरून आपापल्या होडीकडे ओढत होते. मी पोरांना म्हटलं, बघा आता. हसतमुखाने मध्ये शिरलो. एकाचं वल्हं माझ्या डोक्यात बसलं, चुकून की मुद्दाम ते कळलं नाही. मी निरुपायाने त्याच्या नाकावर डोकं मारलं. दुसरा माझ्या मानगुटीवर आला, त्याला कंबरेत धरून फिरवला. शेवटी ते दोघे पाण्यात गेले आणि मावशीही गेल्या, कारण दोघांनी त्यांचे हात सोडले नव्हते.

त्यानंतर धक्क्यावर दुपारपर्यंत संपूर्ण शांतता होती. मला चार टाके.

बॅचमध्ये एक मुलगी आहे, तिला मी शंका म्हणतो. तिने विचारलं, की सर, आपण असंच करायचं का? तिला सांगितलं, की प्रश्न शेवटी घेऊ.

६ तारीख.
माझी स्वतःची पद्धत आजपासून सुरू. नाव: त्रासदायक पाहुणा. मी पाहुणा व्हायचं आणि अंड्यांभोवतीची दोरी ओलांडून आत जायचं. व्हॉलंटियरने हात मागे बांधून समोर उभं राहायचं आणि तीनच वाक्यं बोलायची. नमस्कार. इथे अंडी आहेत. कृपया या बाजूने चला. आवाज चढवायचा नाही, हात पुढे आणायचे नाहीत, पाहुणा काय वाटेल ते करो.

मी भूमिकेत शिरतो तो पूर्णच शिरतो. शिव्या दिल्या, टोपी उडवली, धक्के मारले. खरे पाहुणे काय गोंजारणार आहेत? पैलवान म्हणून एक आडदांड मुलगा आहे, तो धक्क्याने हलेचना. शेवटी कानशिलात लगावली. त्याने डोळ्यांत पाणी आणून दुसरं वाक्य नीट म्हटलं. मुलगा हळवा आहे, त्यावर काम करावं लागेल.

९ तारीख.
प्रथमोपचाराची पेटी रिकामी झाली म्हणून मॅडमनी बोलावलं. पैलवानाचा ओठ, शंकेचं मनगट, आणखी एकाचा चष्मा, त्याबरोबर भुवई. मी म्हटलं, आजकालची पोरं फार नाजूक. मॅडम म्हणाल्या, की उद्यापासून एकाही मुलाला तुमचा हात लागता कामा नये. मी तत्काळ मान्य केलं. माणसाने फीडबॅक घ्यायला शिकलं पाहिजे.

उद्यापासून गुंडाळलेली सतरंजी वापरेन.

१२ तारीख.
आज आचाऱ्याशी मतभेद. सरावाला प्लास्टरची अंडी ठेवतात, ती तुडवताना मजा येत नाही, म्हणजे पोरांना गांभीर्य कळत नाही. म्हणून स्वयंपाकघरातून खरी घेतली, दोन ट्रे. जेवायच्या वेळी आचारी शोधत आला आणि वाळूतला पिवळा चिखल बघून त्याचा तोल सुटला. त्याने झारा फेकला. मी पातेलं फेकलं. मग तो लाटणं घेऊन धावला तेव्हा मी त्याला पिठाच्या डब्यात डोक्यापर्यंत बसवलं. अहिंसेच्या मर्यादेत राहून जे करता येईल ते केलं. पोरं तोवर भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी होती. मी सांगितलंही नव्हतं. सवय लागते आहे, हे बघून बरं वाटलं.

रात्री जेवायला नुसता भात मिळाला, तोही करपलेला.

१४ तारीख, रविवार. घरी.
मुलगी आली नाही. बायको म्हणाली, की तिचा निरोप आहे, हॉस्टेलवरच थांबते आहे. मी म्हटलं, अभ्यास असेल. बायको म्हणाली, असेल.

कपाटाची काच फुटली. मी फक्त हात टेकला होता, जरा जोरात. हल्ली फर्निचर फार हलकं बनवतात. बायकोने काचा गोळा केल्या आणि माझ्या मुठीला पट्टी बांधली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला उलटून प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. समजूतदार आहे. आमचं चांगलं जमतं.

संकल्प: पुढच्या रविवारी मुलीला स्वतः घेऊन यायचं, तिला यायचं नसलं तरी.

१७ तारीख.
इतके दिवस मुलीचा नंबर टाळला होता, पक्षपात नको म्हणून. आज घेतला.

ती हात मागे बांधून उभी राहिली. मी टेबल उलटं केलं. खुर्ची भिंतीवर फेकली, तिचा पाय तुटला, खुर्चीचा. अगदी तिच्या नाकाशी जाऊन ओरडलो, नसा तटतटेपर्यंत. तिने तिन्ही वाक्यं म्हटली. पुन्हा म्हटली. आवाज जराही कापला नाही, पापणी हलली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला एवढा अभिमान वाटला, की तिला जवळ घ्यावंसं वाटलं. हात पुढे केला तर ती एक पाऊल बाजूला झाली आणि म्हणाली, की पुढचा नंबर कोणाचा आहे, सर?

शिस्त म्हणजे शिस्त. रक्ताचा गुण आहे.

१८ तारीख.
परीक्षा परवा. खरे पाहुणे येणार, होड्यांतून बेटावर जाणार. त्यांच्यात एक खोटा असेल, नाटकातला नट. तो पोरांना छळेल आणि त्यावर मार्क. कोण ते मलाही सांगणार नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. मी मनात हसलो. आयुष्य माणसं ओळखण्यात गेलं आहे माझं. नजर टाकताच ओळखीन.

बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

२० तारीख, शनिवार. सकाळ, धक्का.
ओळखला. कापडी टोपी, काठी, गळ्यात दुर्बीण, म्हातारे गृहस्थ. होडीवाल्याला तुम्ही म्हणतात. पोरांना विचारतात, की बाळांनो, थकला नाहीत ना. खऱ्या आयुष्यात इतकं सभ्य कोणी नसतं. पोरांना एकेक करून बाजूला घेऊन सांगितलं, की टोपीवाला म्हणजे परीक्षक, त्याला जपा. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. शंका काहीतरी बोलणार होती, तिला गप्प केलं. टोपीवाल्यांची पिशवी मी स्वतः उचलली आहे. लीडरशिप खिशात.

दुसरा एक काळ्या चष्म्याचा माणूस आहे, मोठमोठ्याने बोलतो, पान खाल्ल्यासारखा थुंकतो. हा अस्सल. असले मी शेकड्यांनी पाहिलेत.

संध्याकाळ. (डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा सुजला.)
घडलं ते असं. बेटावर उतरताच काळ्या चष्म्याने दोरी ओलांडली. बाटली फेकली. एक अंडं उचलून हवेत झेलायला लागला. माझी मुलगी पुढे गेली, हात मागे. पहिलं वाक्य. तो हसला. दुसरं वाक्य. त्याने तिला ढकललं. तिसरं वाक्य ती म्हणत असतानाच त्याने तिच्या थोबाडीत दिली. आवाज सगळ्यांनी ऐकला.

माझ्या लेकीवर हात. डोक्यात तिडीक गेली. होडीतलं वल्हं हातात कसं आलं ते माहीत नाही. पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीत, तिसऱ्याला तो आडवा झाला, मग लाथा. त्याच्या तोंडातून रक्त आलं तरी मी थांबलो नाही, खोटं कशाला लिहू. टोपीवाले काठी टेकत मला ओढायला आले, तर त्यांनाही एक दिली, परीक्षक आहेत हे माहीत असून. बापाच्या काळजापुढे मार्क कसले? शेवटी पैलवान आणि दोन होडीवाले माझ्या छातीवर बसले. त्यातला एक तीन तारखेचा होता. तो जरुरीपेक्षा जास्त वेळ बसला.

त्या गडबडीत बरीच घरटी तुडवली गेली. माझ्याच बुटांनी, असं म्हणतात. मुलगी सारखी ओरडत होती, की बाबा, अंडी, बाबा, खाली बघा. महिन्यात पहिल्यांदा बाबा म्हणाली. एवढ्या मारामारीतही ते मला नीट ऐकू आलं.

२१ तारीख. पोलीस चौकी, नंतर घर.
काळ्या चष्म्याचा माणूस नट निघाला. झेलत होता ते अंडंही प्लास्टरचं. खांद्याचं हाड मोडलंय, दोन दात गेलेत. टोपीवाले खरेच पाहुणे होते, तिकीट काढून पक्षी बघायला आलेले. हवालदाराने मला विचारलं, की तुम्ही तिथे नक्की काय शिकवता. मी सांगितलं. त्याने ते पुन्हा विचारलं.

नटाने आणि टोपीवाल्यांनी तक्रार केली नाही, मॅडमनी हातापाया पडून मिटवलं. महत्त्वाची बातमी वेगळीच आहे. बॅच पास. पाहुण्यांसमोर आठांपैकी एकानेही हात पुढे आणला नाही, आवाज चढवला नाही. म्हणजे पद्धत कोणाची? माझी. गुरूची परीक्षा शिष्यांवरूनच होते. लीडरचा निर्णय बुधवारी. मला काळजी नाही.

२४ तारीख, बुधवार.
लीडर शंका.

मॅडम म्हणाल्या, की त्यांनी बॅचला विचारलं होतं, सर बरोबर आले तर चालेल का. मी विचारलं, कोण काय म्हणालं. त्या म्हणाल्या, कोणीच काही म्हणालं नाही. तुमचं नाव निघताच आठही जण रांगेत उभे राहिले आणि त्यांनी हात मागे बांधले.

एवढा आदर असून नेमणूक शंकेची. या क्षेत्रात राजकारण फार. शिवाय उद्यापासून येऊ नका असंही सांगितलं. त्यांचं टेबल मजबूत निघालं, माझं बोट दुखतंय.

मुलीशी बोलायचं. ती जाणार नाही म्हणाली तर सगळी बॅच अडेल. ती बापाची बाजू घेणारच, तिच्यासाठीच तर झालं हे सगळं.

२८ तारीख, रविवार. दुपार.
मुलगी आली. स्वतःहून, कपडे न्यायला. मी भूमिका शांतपणे मांडली. म्हटलं, तुला मारलेलं मला बघवलं नाही, तुझ्यासाठी मी पोलीस चौकीत बसलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, की त्याने मला मारलंच नव्हतं. हात गालाच्या अलीकडे थांबवला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर थाप मारून आवाज काढला. तो नट आहे हे मला आधीच कळलं होतं, आणि हात उचलला तेव्हा खात्री झाली.

मी म्हटलं, कसं शक्य आहे, माझ्यासारख्या अनुभवी माणसाला कळलं नाही. ती वर्गात समजावून सांगतात तशी म्हणाली, की खरंच मारायचं असतं तेव्हा माणसाचा खांदा आधी मागे जातो. त्याचा गेला नाही. मी आणि आई खांदाच बघतो, मी लहान असल्यापासून.

बायको तिच्या हातात एकेक कपडा देत होती. ती म्हणाली, की आणि त्याच्याआधी श्वास अडकतो. मुलगी म्हणाली, हो, आधी श्वास.

भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा दोघी हे बोलल्या. मग टॅक्सी आली. मुलगी आईच्या गळ्यात पडली. मला दारातून नमस्कार केला, जरा लांबून. मी म्हटलं, फोन कर. ती म्हणाली, आईला करीन.

संध्याकाळ.
बॅग माळ्यावर टाकली. मुलीच्या जाण्याने घर रिकामं झालंय आणि मला फार वाईट वाटतंय. पण तिचं म्हणणं काही पटेना. खांदा म्हणे. म्हणून मोरीतल्या आरशासमोर उभा राहिलो आणि मारायच्या बेताने हात उचलून पाहिला.

जातो. श्वासही अडकतो.

बायको टॉवेल ठेवायला दारात आली होती, मला दिसली नव्हती. तिने दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले. मी म्हटलं, अगं, मी आरशात बघतोय. ती म्हणाली, हो. पण हात खाली घेतले नाहीत.