निळ्या लिफाफ्याची भानगड

बोएदो, ब्युनोस आयर्स
सोमवार, ८ ऑगस्ट १९८८

प्रिय ऑर्तेन्सियाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा तुझ्या डाव्या गालावर एक पापा. (उजवा गाल तू रागाने फिरवला असशील, हे धरूनच चाललोय.) गुडघा कसा आहे? पेर्गामिनोत यंदा थंडी हाडात शिरतेय म्हणे. दुकानात काउंटरमागे उभी राहतेस तेव्हा पायाखाली पोतं घालत जा. अख्ख्या गावाला गुडघ्याचं मलम विकशील, पण स्वतः लावशील तर शपथ! माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे मागच्या पत्रात तू ज्या सहा रोगांची शंका घेतली होतीस, त्यातले दोनच निघाले. खोकल्याचं औषध पोचलं. अर्धी बाटली मी प्यायलो आणि अर्धी जिथे पोचायला हवी होती तिथे पोचवली. कुणी पाठवली ते सांगितलं नाही. तुझं गुपित मी शनिवार संध्याकाळपर्यंत अगदी प्राणपणाने जपलं, हे आधीच नमूद करून ठेवतो, कारण शनिवार संध्याकाळनंतरचं मला जरा सविस्तर सांगायचंय. तेव्हा तू आधी खुर्चीत बस. काउंटरवर गिऱ्हाईक असेल तर त्याला थांबव.

आमची वखार तुला आठवत असेल. पूर्वी तिथे टायर विकायचे, आणि तू एकदाच येऊन 'अजून रबराचा वास येतो' एवढीच नाट्यसमीक्षा करून गेली होतीस. तर या तीन दिवसांत तिथे एका नव्या नाटकाची लोकांसमोरची रंगीत तालीम, त्याच नाटकाचा पहिला प्रयोग आणि एका जुन्या नाटकाचा शेवटचा प्रयोग, असं सगळं एकाच रंगमंचावर, एकाच टेबलावर आणि एकाच माणसाच्या जिवावर पार पडलं. तो माणूस म्हणजे मी. (तू मला कायम 'नट व्हायला गेला आणि हमाल झाला' म्हणतेस. नाटकाची प्रॉपर्टी सांभाळणारा माणूस हमाल नसतो, ताई. हमालाला कुठला कप कुणाच्या डाव्या हाताशी ठेवायचा हे लक्षात ठेवावं लागत नाही.) जुनं नाटक 'तिसऱ्या नवऱ्याचं मृत्युपत्र', तीन वर्षं चाललं. त्यात मी वकिलाची भूमिकाही करायचो. चार वाक्यं, पण चारही ठसठशीत. आणि नवं नाटक म्हणजे आपल्या इरुपेचं, 'काउंटरच्या पलीकडे'. तिनेच लिहिलेलं, तिनेच बसवलेलं आणि दुसरी नटी मिळेना म्हणून कामही तिचंच. एका औषधाच्या दुकानातली मुलगी घर सोडून निघून जाते, अशी गोष्ट आहे. तिला हे कुठून सुचलं मला काही कल्पना नाही.

फार्मसीचं तिसरं वर्ष सोडून ती इथे आली त्याला दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षं तुम्ही मायलेकी एकमेकींशी बोलत नाही. तिने आधी माफी मागावी, असं तुझं म्हणणं. तू आधी एकदा तरी विचारावंस, असं तिचं म्हणणं. मधल्या मध्ये मी. तू मला लिहितेस, ते मी तिला सांगायचं नाही. ती मला सांगते, ते मी तुला लिहायचं नाही. इतकं न बोलणं पोटात ठेवून ठेवून मला जो पोटाचा त्रास होतो, तो तू ओळखलेल्या सहा रोगांत नव्हता.

शुक्रवारची रंगीत तालीम पडली. गोड शब्दात सांगायचं तर चौदा प्रेक्षक होते, त्यातले तिघे दिवेवाल्याचे चुलतभाऊ. अर्ध्यापर्यंत बरं चाललं होतं. मग तो पत्राचा प्रवेश आला. मुलगी परक्या शहरात टेबलाशी बसलीय, निळा लिफाफा फोडते आणि आईचं पत्र मोठ्याने वाचते. त्या पत्रावर सगळं नाटक उभं आहे, आणि पत्र आपलं इरुपेने लिहिलेलं. 'माझ्या पाखरा, तुझ्या पंखांची सावली अजून अंगणात पडते...' ताई, मी तुला त्रेसष्ट वर्षं ओळखतो. तू त्या पोरीला उभ्या जन्मात पाखरा म्हणालेली नाहीस. 'ए' म्हणतेस, किंवा फार प्रेम आलं तर 'ए बाई'. लोक खोकायला लागले. पहिला चुलतभाऊ खोकला, मग दुसरा, मग सगळ्यांनाच खोकल्याची आठवण झाली.

वखारीचे मालक डॉन फेर्मिन (मनाने वाईट नाहीत, पण बोलताना नेहमी दाराकडे बघतात) मला बाजूला घेऊन म्हणाले की शनिवारीही असंच झालं तर ही वेळ पुढच्या आठवड्यापासून बोलक्या बाहुल्यांवाल्याला द्यायची. म्हणजे ज्या दिवशी पडदा उघडायचा त्याच दिवशी कायमचा पाडायचा. इरुपेने ऐकलं. 'माते' चहा प्यायचा रिकामा भोपळा तीनदा धुतला, तिन्ही वेळा पुसून पालथा ठेवला, आणि मग, रविवारी पेर्गामिनोला बस किती वाजता असते, एवढंच मला विचारलं. राग आला की भांडी घासायची ही रीत मी लहानपणी दुसऱ्या एका घरात बघितलेली आहे. नाव घेत नाही.

तुला हे वाचून बरं वाटलं असेल. नाटक पडलं म्हणजे पोरगी घरी येणार. पण मग तुझं मागच्या मंगळवारचं पत्र आठव. ते मी दोनदा वाचलं आणि घडी घालून वेस्टकोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच होतं. पुढच्या भानगडीचं मूळ तिथे आहे.

शनिवारी पाचला जुन्या नाटकाचा शेवटचा प्रयोग, आठला नव्याचा पहिला. आमच्यातली एक रीत तुला ठाऊक नसेल. नाटक बंद होतं त्या दिवशी, शेवटच्या प्रयोगात, नट एकमेकांची भर रंगमंचावर थट्टा करतात. प्रेक्षकांना कळता कामा नये, आणि ज्याची थट्टा त्याला हसू येता कामा नये. कुणी चहात मीठ घालतं, कुणी टोपी शिवून बंद करतं. सुलेमाबाई (सत्तरीच्या, तीन वर्षं विधवेचं काम करतायत, आणि मृत्युपत्र पाठ करायचा कंटाळा म्हणून रोज कागदावरून वाचतात) माझ्या डोळ्यांसमोर होत्या. दुसऱ्या वर्षी माझ्या हॅटवर बसल्या होत्या आणि वर हॅटलाच दोष दिला होता. तेव्हा मी मृत्युपत्राच्या निळ्या लिफाफ्यात दुसरा कागद घातला : 'माझी सगळी इस्टेट त्या वकिलाला, ज्याच्या हॅटवर माझी बायको बसली.' बाईंनी लिफाफा फोडला, कागद बघितला, डोळ्यांचं पातंसुद्धा लवलं नाही. शांतपणे वाचलं की इस्टेट सगळी विधवेला, आणि वकिलाने आत्ताच्या आत्ता गुडघ्यावर बसून तिची क्षमा मागावी. मी बसलो. काय करणार? टाळ्या कडाडल्या. आपल्या घराण्याचा गुडघा, ताई; उठवायला दोघे लागले.

त्यानंतर सुलेमाबाई विंगेत रडत बसल्या, आणि मीही जरा डोळे पुसले. तीन वर्षं कमी नसतात. पण रडायला वेळ कुठे होता? पलंग बाहेर, काउंटर आत, झुंबर खाली, आणि टेबल तेच, कारण इरुपेकडे दुसरं टेबल नाही. लिफाफाही तसलाच निळा, कारण माझ्याकडे त्यांचा अख्खा गठ्ठा आहे. आठला पाच कमी असताना मी खिशातून घडी घातलेला कागद काढला, लिफाफ्यात सारला, चिकटवला, टेबलावर ठेवला. 'भरपूर शेण पडो' म्हणालो. (आमच्यात शुभेच्छा अशाच देतात, आणि त्यावर आभार मानायचे नसतात. तोंड वाकडं करू नकोस.) तिने मान हलवली. मी आपला विंगेत जाऊन उभा राहिलो, खिशात हात घातला, आणि हाताला लागलं ते 'माझ्या पाखरा'.

म्हणजे टेबलावर तुझं पत्र होतं.

मी काय करायला हवं होतं ते तू मला येत्या पत्रात लिहिशीलच. मी काही केलं नाही. तिने लिफाफा फोडला आणि अक्षर बघून थांबली. इतकी थांबली की दिवेवाल्याला वाटलं ती वाक्य विसरली. मी मनात म्हटलं, संपलं. आता ती कागद टाकून आत येणार. मग तिने वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्या शब्दापासून, माझ्या नावासकट वाचलं :

"कासिमिरो, फुकट गेलेल्या माणसा, ती जेवते का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस. औषध पाठवतेय, रात्री दोन चमचे, तिला कडू लागतं म्हणून मध घालून दे. तिचा पांढरा कोट अजून खुंटीवर आहे. दर सोमवारी धुते. धूळ बसते म्हणून, दुसरं काही कारण नाही. तिचं नाटक पडलं तर बरं होईल, घरी येईल. पण पडलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून पडूही नये. तू काय ते बघ."

'फुकट गेलेल्या माणसा'ला लोक खळखळून हसले. (तू मला जन्मभर हसं केलंस, पण साठ माणसांसमोर एकदम, ही पहिलीच वेळ.) मधाला हसले. कोटाला हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबले. शेवटच्या वाक्यानंतर कुणी खोकलं नाही. डॉन फेर्मिन दाराशी उभे होते, आणि दाराकडे पाठ करून उभे होते. मी त्यांना तसं आजवर पाहिलं नव्हतं.

पडदा पडल्यावर मात्र माझी बिनपाण्याने झाली. तिला वाटलं मी शेवटच्या प्रयोगाची थट्टा तिच्या पहिल्या प्रयोगाला केली, तीही आईचं अक्षर काढून! सुलेमाबाईंना खोटं मृत्युपत्र दिलेला माणूस, त्याने खोटं पत्र लिहिलं नसेल कशावरून? असा तिचा हिशेब. मी शपथा घेतल्या, खिशातून 'पाखरा' काढून दाखवलं. तिने ऐकलं नाही. बंद पडलेल्या नाटकाचं सामान आवरतात तसं माझ्याकडे न बघता सगळं आवरलं आणि निघून गेली. लोक येऊन माझं अभिनंदन करत होते आणि मला रडू येत होतं. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी इरुपे माझ्या दारात हजर. हातात बेकरीतल्या गोड पावाच्या चंद्रकोरी, गरम. बसली, तीन खाल्ल्या. (नोंद घे.) चौथी मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "मामा, कोट ती खरंच दर सोमवारी धुते?"

मी म्हटलं, "धूळ बसते म्हणे."

ती हसली, आणि मग जी रडली, ते मी इथे लिहीत नाही, कारण तुझ्या दुकानात गिऱ्हाईक असेल. संध्याकाळच्या जादा प्रयोगाला तिने तेच पत्र वाचलं. डॉन फेर्मिननी बाहुल्यांवाल्याला नाही म्हणून कळवलं, आणि नाटक दर शनिवारी आठला चालू राहणार.

तर असा हा तीन दिवसांचा वृत्तांत. तुझं गुपित माझ्या हातून चुकून फुटलं त्याबद्दल वाटेल ती शिक्षा दे. पोतं घालत जा. दुकानातल्या मांजरीला माझा नमस्कार.

तुझा फुकट गेलेला,
कासिमिरो

ता. क. पत्र इतके हात लागून घडीवर फाटायला आलंय, आणि लेखिकेची परवानगी न घेता तिचा मजकूर वाचणं आमच्यात गुन्हा समजतात. परवानगी लेखिकेने स्वतः येऊन द्यायची असते. (हा नियम मी आत्ताच केला.) शनिवारी दुपारची बस पकड. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची ठेवलीय, पाय लांब करता येईल अशी. पिवळं काही घालून येऊ नकोस; आम्ही नाटकवाले तो अपशकुन मानतो.

ता. क. २. एकतीस वर्षं मी टेबलावर वस्तू मांडतोय, ताई. त्या एकतीस वर्षांत चुकीचा लिफाफा एकदाही ठेवलेला नाही. शनिवारीही नाही. हे तिला कळता कामा नये.

ता. क. ३. माझा गुडघा अजून सुजलेला आहे, म्हणून हे पत्र पेटीत टाकायला इरुपेच्याच हाती देतोय. ती उघडणार नाही. तुझ्यावर गेलीय.

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

उघडलं. मामाला मी बघून घेते. मी जेवते, आई. शनिवारी येताना तो कोट आण. इथे थंडी असते म्हणून, दुसरं काही कारण नाही.