उखळाभोवतीची फरशी

तळवडे
ता. २ मे १९७४

मला न विचारता माझ्या उखळाला पहार लावायची अक्कल तुला कुणी दिली? आता आशीर्वाद घे.

चि. सुरेंद्र यास आजीचे अनेक आशीर्वाद. स्वयंपाकघरात फरशी घाल, मी आडवी आले न्हाई. भिमाजी गवंड्यानं शेणाची जमीन खणली, मुरूम पसरला, पाणी मारलं, तोवर मी त्याला चहासुद्धा दिला. मग म्हणाला, मालकांनी उखळ उपटायला सांगितलंय. मालक कोण, तर तू. मी उखळावर बसले. पहार ओसरीत पडलीय. दिवाळीनंतर बायकोला, शैलेला, घेऊन इथं राहायला येशील, तोवर घर माझं हाय. लगेच कळव. भिमाजी रिकामा बसून माझी तंबाखू खातोय.

तुझी आजी, रुक्मिणी

पिंपरी
ता. ६ मे १९७४

तीर्थरूप आजीस, सुरेंद्रचा शि. सा. नमस्कार वि. वि.

रागावू नकोस. मुसळाच्या दणक्यानं भोवतीच्या फरशा तडकतील, हे भिमाजीचंच म्हणणं आहे. तिखट आता गिरणीत होतं. शैलालाही उखळ नको आहे. ओव्हरटाइममुळे रविवारी येता येत नाही. तू उखळावरून उठावंस, एवढीच विनंती. लोभ आहेच, तो कमी करू नये.

तुझा, सुरेंद्र

तळवडे
ता. ११ मे १९७४

चि. सुरेंद्र यास आशीर्वाद, राग धरून.

फरशी तडकेल म्हणालास. खालचा मुरूम पोकळ राहिला तर तडकेलच. म्हणून फरशी बसायच्या आधी शेजारच्या कुसुमताईला आणि आळीतल्या बायकांना यंदाच्या मिरच्या घेऊन बोलावलं. दोन दिवस मुसळं चालली. उखळाभोवती मुरूम जिथं खचला, तिथं भिमाजीनं परत भरला, धुमसानं ठोकला. शिंकून शिंकून त्याचं नाक लाल झालं, पण आता मुरूम हलत न्हाई. बाकी फरशा बसल्या. उखळालगतच्या तेवढ्या मी थांबवल्यात.

कारण राहिलं शैलेचं. रांधणार ती, कांडणार ती, आणि नको म्हणणार तू. तिला खरंच नको असेल, तर मी स्वतः पहार घालीन, भिमाजीचा हात लागू देणार न्हाई. पण ते तिच्या अक्षरात पायजे.

तुझ्यावर माया हाय, ती रागातून वेगळी काढून घे. या पत्राला शैलेनं उत्तर द्यायचं. तू फक्त तिकीट चिकटव.

रुक्मिणी