रेघासूर हसत नाही

३ डिसेंबर २००४, शुक्रवार

पारसभाऊ हो म्हणाला! माझी गोष्ट टीव्हीवर येणार! म्हणजे मंचरच्या केबलवरच – पण टीव्ही तो टीव्ही!

नीट लिहिते. पारसभाऊ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं केबलचं ऑफिस आहे तो. लग्नांचं शूटिंगही तोच करतो. दिवाळी अंकात आलेली माझी ‘रेघासूर’ त्याच्या बायकोने, हर्षावहिनीने, पोरांना वाचून दाखवली. पोरं म्हणे रात्री पांघरुणातून डोकं बाहेर काढेनात. आज शाळेत शिकवून येताना पारसभाऊने रस्त्यातच गाठलं. ‘मॅडम, पौषात लग्नं नसत्यात. कॅमेरा नुसता बसून ऱ्हातो. करू ना राव पिच्चर! चार भाग. राक्षस असा दाखवू ना, अख्खं मंचर टरकलं पाहिजे!’

मी रस्त्यात टाळीच वाजवली. भाजीवाली बघत राहिली. बघू दे! घरी आईला सांगितलं तर म्हणाली, ‘बरं झालं. आता जेव.’ अण्णांनी नुसती मान हलवली. अण्णांनी उभी हयात सरकारी मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढली, रिटायर झाले, पण दिवसाला चार वाक्यांच्या वर गेले नाहीत. ती मान म्हणजेच खूप.

४ डिसेंबर

झोप नाही. डोक्यात नुसता रेघासूर. तो पडद्यावर कसा दिसेल? कसा चालेल? बोलेल कोणत्या आवाजात?

खरं तर तो माझा नाहीच, कोंडाबाईंचा आहे. कोंडाबाई आमच्या डिंभ्याच्या शाळेत खिचडी शिजवतात. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं. घर वरच्या आळीला होतं. मोजणीची माणसं आली आणि भिंतीवर लाल रंगाची रेघ ओढून गेली – पाणी इथवर येणार म्हणून. कोंडाबाईंना वाटलं शेंदूर! ‘म्या म्हन्लं, सरकारनी देव बशिवला आमच्या भितीवर. रोज हळदकुकू व्हायलं बगा, बाई. पार पानी येस्तवर.’ आणि मग पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, ‘आन पानी आलं त्ये रेघंपतूरच आलं. येक बोट वर न्हाई की खाली न्हाई. देव खोटं न्हाई बोलला!’

त्या हसत होत्या. मला हसता येईना. त्याच आठवड्यात गोष्ट लिहिली. रेघासूर जाळत नाही, मारत नाही. दार वाजवतो, नम्रपणे आत येतो, भिंतीवर एक रेघ ओढतो आणि जातो. रेघेच्या खालचं सगळं त्याचं. आणि लोक त्या रेघेची पूजा करतात!

असा असुर पडद्यावर कुणी दाखवला आहे? मला तरी माहीत नाही.

१० डिसेंबर

चिडले आहे. प्रचंड चिडले आहे!

पारसभाऊने राक्षसाचं चित्र काढून आणलं. थर्माकोलची शिंगं. सुळे. पाठीमागे धूर – लग्नात नवरानवरीच्या पायाशी सोडतात तो. एको मशीनवर ‘हाऽ हाऽ हाऽ’. आणि अंगभर काळा रंग.

मी म्हटलं, काळा कशाला? म्हणाला, ‘राक्षस काळाच असतो ना, मॅडम.’

म्हटलं, पारसभाऊ, काळा रंग फासून राक्षस होत असेल तर आमच्या घरी या. मी, आई, अण्णा – रंगाचा खर्चसुद्धा वाचेल! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हर्षावहिनी आतून ओरडली, ‘बरं झालं! द्या अजून!’ मग तोही हसायला लागला. काळा रंग गेला. शिंगं मात्र सोडायला तयार नाही. ‘शिंगं नायत तर पब्लिकला कळणार कसं, हाच व्हिलन हाय म्हणून?’

कळायचंच नाहीये हो! हेच तर सांगते आहे! ज्याला शिंगं दिसतात त्याला कोण घरात घेईल? दार लावून घेतील की लोक. रेघासुराला लोक पाट देतात, पाणी देतात. बघणाऱ्यालाही वाटलं पाहिजे, काय चांगला माणूस आहे. आणि मग तो ब्रश काढतो.

११ डिसेंबर

शिंगं गेली! हर्षावहिनीची कृपा. हसू बाकी आहे.

१३ जानेवारी २००५, गुरुवार

पौष लागला. कॅमेरा मोकळा!!

रेघासूर म्हणून पारसभाऊने सावळेरामांना बोलावलं आहे, पिंपरी पेंढारहून. जत्रेच्या नाटकांत राक्षस म्हटलं की पंचक्रोशीत सावळेरामच. मिशा काय, छाती काय! एसटीतून उतरल्या उतरल्या स्टँडवरच एकदा हसून दाखवलं. कंडक्टर दचकला. मला पण मजा वाटली, खोटं कशाला बोलू. पण हे हसू मी बंद कसं करणार?

१४ जानेवारी

नाहीच झालं. सकाळपासून समजावते आहे. हळू बोला. डोळे मोठे करू नका. वाक्य साधंच आहे – ‘जरा भिंत बघू का?’ एवढंच. सावळेराम ते असं म्हणतात की भिंत पडावी.

दुपारी त्यांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. ‘हसायचं न्हाई. डोळं वटारायचं न्हाई. आरडायचं न्हाई. मग बाई, ह्यो राक्षेस हाय का पोस्टमन?’

‘पोस्टमनच!’ मी उडालेच. ‘अगदी पोस्टमन! तो आला की लोक दार उघडतात, म्हणून तर भीती!’

त्यांनी मुंडासं परत डोक्याला गुंडाळलं. म्हणाले, ‘मला त्ये जमायचं न्हाई. तीस वर्सं पब्लिक माज्या हसन्यावर जगलंय.’ आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. माणूस खरा, रागावलेसुद्धा नाहीत. पारसभाऊ मात्र रागावला. म्हणाला रविवारपर्यंत तुमचा पोस्टमन आणा, नाहीतर मी शिंगं परत चिकटवणार. आणि तो चिकटवेल!

१६ जानेवारी, रविवार

सापडला! रेघासूर सापडला! आणि कुठे – आमच्या घरात!

सावकाश लिही, प्रज्ञा.

पारसभाऊच्या गोडाऊनमध्ये घराचा सेट लावलाय. मातीची भिंत, चूल, कॅलेंडर. हर्षावहिनी घरातली बाई झाली आहे. माझा पोस्टमन काही मिळालेला नव्हता. अण्णा मला डबा द्यायला आले. लाईट बघायला कुणीतरी भिंतीपाशी उभं राहायला हवं होतं, तर पारसभाऊ म्हणाला, ‘तुळशीदासकाका, जरा हुबं ऱ्हा. हा ब्रश धरा हातात.’ अण्णांना ब्रश धरायची सवय आहेच. नोकरीत कुठे कुठे खुणा रंगवल्या असतील.

तर अण्णा उभे राहिले. ब्रश बघितला. भिंत बघितली. चपला काढल्या – कुणी सांगितलं नव्हतं! आणि हर्षावहिनीला म्हणाले, ‘बाई, येक फडकं द्याल का? वलं असलं तर बरं.’

वहिनीने गोंधळून दिलं. अण्णांनी भिंत पुसली. हळूहळू, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. मग खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं, वहिनीच्या हातात दिलं. ‘रंग लागंल ह्येला. जपून ठिवा.’ आणि रेघ ओढली. सरळ, एका दमात. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

 माझ्या अंगावर काटा! फडकं माझ्या गोष्टीत नाही. कॅलेंडर नाही. आपण ज्याचं घर बुडवणार त्याचं कॅलेंडर जपणारा असुर! हे मला का नाही सुचलं? पारसभाऊ कॅमेरा बंद करायचा विसरला होता, म्हणून सगळं टेपवर आलं. तो एवढंच म्हणाला, ‘आयला, मॅडम.’

१७ जानेवारी

अण्णा नाही म्हणतात. ‘मला नका घिऊ त्यात.’ कारण सांगत नाहीत. आई म्हणते, लाजत असतील. मी पाय धरायचे बाकी ठेवले. शेवटी जेवताना त्यांनी विचारलं, ‘दाखवनार कुटं?’

म्हटलं केबलवर. आणि त्याआधी डिंभ्याला, माझ्या शाळेत. गोष्ट तिथली आहे, पहिली त्यांनीच बघायला हवी.

अण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. म्हणाले, ‘करतो.’

मला तर नाचावंसं वाटलं!

२९ जानेवारी

शूटिंग संपत आलं. हात रंगाने लाल, घसा बसलेला, शाळेत पोरं विचारतात बाई तुमचा आवाज कुठे गेला. काय आनंद आहे हा! अण्णा रोज वेगळं काही करतात. काल रेघ ओढल्यावर ब्रशचे थेंब पडले तर ते वाकून जमीन पुसायला लागले. मी विचारलं, अण्णा, कुठून सुचतं हो? ‘पुसावं लागतं’ म्हणाले.

६ फेब्रुवारी

दगा! पारसभाऊने एडिटिंग करताना अण्णांच्या तोंडावर हसू चिकटवलं! कुठल्याशा कॅसेटवरून. अण्णा शांतपणे दार ओढून घेतात आणि मागे गडगडाट – ‘हाऽ हाऽ हाऽ’. मी अक्षरशः रडले. म्हटलं, माझं नाव काढून टाका. गोष्ट तुमची, राक्षस तुमचा!

‘मॅडम, पण पब्लिक...’

हर्षावहिनीने तोड काढली. पोरांना दोन्ही दाखवा. हसणारा लावला – पोरंपण खिदळायला लागली, एकमेकांना ‘हाऽ हाऽ’ करायला लागली. मग बिनहसण्याचा लावला. चिडीचूप. संपल्यावर धाकटीने बापाला विचारलं, ‘पप्पा, तो आपल्याकडे आला तर तू दार उघडशील?’

पारसभाऊने हसू काढलं. स्वतःच्या हाताने. जिंकले! जिंकले!!

१२ फेब्रुवारी, शनिवार

आजचं लिहून ठेवते.

सकाळची शाळा सुटल्यावर व्हरांड्यात टीव्ही मांडला. उजेड अडवायला कडेने सतरंज्या टांगल्या. वीज गेली नाही हे नशीब. अख्खी वस्ती आली होती. अण्णा आले होते, पण मागे, खांबाला टेकून उभे. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

रेघासूर दारात आला. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. एक म्हातारा टीव्हीकडे बघत म्हणाला, ‘या, पावनं.’ खरंच म्हणाला! मला इतका आनंद झाला की ओठ चावून धरावा लागला. हाच! हाच तो! शिंगं असती तर कुणी या म्हटलं असतं?

मग अण्णांनी पडद्यावर फडकं मागितलं.

कोंडाबाई पुढच्याच रांगेत होत्या. त्या उठल्या. टीव्हीकडे पाठ केली आणि मागे बघायला लागल्या, एकेका चेहऱ्याकडे. खांबापाशी थांबल्या. ‘फडकं,’ त्या म्हणाल्या. ‘बाई, फडक्याचं म्या तुमाला कवा सांगितलंच न्हाई.’

नव्हतं सांगितलं. कधीच नव्हतं.

‘तुमीच न्हवं का, पावनं? चपला काढून आला व्हता. माजं क्यालिंडर काडून दिलं व्हतं.’ मला वाटलं आता शिव्या देतील. अंगावर धावून जातील. मी मधे पडायला उठलेसुद्धा. तर कोंडाबाई लगबगीने चुलीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, ‘बसा की. च्या टाकते.’

अण्णा बसले नाहीत. शाळेबाहेर गेले आणि रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभे राहिले. गाडी दुपारनंतर आली. चहा मी प्यायले.

पारसभाऊ परतीच्या वाटेत नुसता बोलत होता. हिट आहे, मॅडम, सुपरहिट. मी खिडकीतून धरण बघत होते.

१३ फेब्रुवारी

अण्णा सकाळी माझ्याजवळ येऊन बसले. मी काही विचारलं नव्हतं.

‘दुसऱ्या दिशी खुना तपासायला गेलो, तर रेघंवर हळदकुकू. त्या बाईनी नारळ फोडला व्हता. खोबऱ्याचा तुकडा दिला मला. वरनं न्हाई टाकला, प्रज्ञा. हातावर ठिवला. बोटाला बोट लागलं तिचं. जात न्हाई पुसली. तवर कुन्या गावात मला असं कुनी दिलं नव्हतं. मला सांगायचं व्हतं, बाई, ह्यो देव न्हाई, ही घर बुडायची खून हाय. पन तोंडात खोबरं व्हतं.’