पाटलीणबाईचं कुंकू

१ एप्रिल, शुक्रवार
प्लास्टिकच्या बांगड्या मिळाल्या एकदाच्या. आठ दिवस काचेचा चुडा सकाळी चढवायचा, संध्याकाळी तेल लावून उतरवायचा. मनगटं सोलून निघाली. मॅनेजरसाहेब म्हणत होते, "ताई, राहू द्या ना हातात, रोज रोज काय काढता?" अर्जात लिहिलं होतं मी, पती हयात नाहीत म्हणून. वाचलं नसेल. आज तोंडानं सांगितलं. गोरेमोरे झाले बिचारे, दुपारच्याला चाकूरहून प्लास्टिकच्या मागवल्या.
नऊला यायचं. लुगडं, डोरलं, जोडवी, कपाळाला मेणावर पिंजर. की झाले पाटलीणबाई. 'जुनं गाव' बघायला येणाऱ्यांपुढं जात्यावर बसायचं, चुलीवर भाकरी थापायची, मागच्या काळची बाई असल्यासारखं बोलायचं. भिंती सिमेंटच्या, वरून मातीचा रंग. शेणाचा सडा तेवढा खरा.
एक ते चार उन्हाचं कुत्रं फिरकत नाही. तेव्हा दरवाजाच्या आतल्या ढाळजेत बसून हे लिहिते. लेकीच्या, पूजीच्या, पाचवीच्या वहीची कोरी पानं आहेत.

४ एप्रिल, सोमवार
माझे इथले सोंगातले मालक म्हणजे मन्मथआप्पा. पाटलाचं सोंग. वय पंचावन्नच्या पुढं, चाकूरला किराण्याचं दुकान होतं, आता नाही. कपाळाला विभूती, अंगरख्याच्या आत गळ्यातलं इष्टलिंग. मॅनेजरनं विभूती पुसायला सांगितली, आप्पा म्हणाले, "पटका खाली ओढतो, पर पुसत न्हाई." विषय संपला.
माझ्याकडं सरळ बघत नाहीत. लोकांपुढं "पाटलीणबाई, पानाचा डबा आणा," एरवी "शोभाबाई". जरा दरडावा म्हणून मॅनेजर मागं लागलाय. जमत नाही त्यांना.
आज एका म्हाताऱ्यानं पकडलं. "निजामाच्या काळात ह्यो भाग कुठल्या जिल्ह्यात होता सांगा, पाटील." शिकवलेलं उत्तर उस्मानाबाद. म्हातारा म्हणाला चूक, बीदर. आप्पा थंडपणे म्हणाले, "बीदर, मग उस्मानाबाद, मग लातूर. आता उदगीर जिल्हा करायलेत म्हने. गाव हाय तिथंच हाय बगा." म्हातारा लई हसला. मीही. खूप दिवसांनी.

८ एप्रिल, पाडवा
गर्दी. मॅनेजरचं नवीन फर्मान: आलेल्या प्रत्येक बाईला पाटलीणबाईनं हळदीकुंकू लावायचं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगा. म्हणाले, "पाटलीण तर तुम्हीच ना. कुणाला कळणार आहे?"
पहिल्या बाईला लावताना चिमूट जास्तच भरली, कुंकू तिच्या नाकावर सांडलं. तिनंच हसून पुसलं. नंतर नंतर हात चालू लागला. दुपारपर्यंत किती जणींना लावलं, मोजलं नाही. एक नांदेडची नवी नवरी होती, वाकून पाया पडली. "आशीर्वाद द्या," म्हणाली. काय दिला, आठवत नाही.
परत येताना फाट्यावर उतरून खोबरेल तेलानं कपाळ पुसलं. पाणी कुठंय पुसायला. डाग राहतोच थोडा. आत्याबाई माझ्या कपाळाकडं बघत होत्या. सासू आहे. पोटचा मुलगा गेलाय तिचा. नवरा जाऊन मला तीन वर्षं झाली, तिला...

१३ एप्रिल, बुधवार
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सगळे तेच बोलायलेत. आमच्या गावात टँकर नवव्या दिवशी.
इथं पाणवठ्याचा खेळ असतो. आम्ही पाच जणी डोक्यावर घागरी घेऊन रांगेत चालतो. घागरी रिकाम्या. "भरलेल्या असल्यासारखं चाला," म्हणून मॅनेजर ओरडतो. ते काय शिकवायला पाहिजे का आम्हाला.

१९ एप्रिल, मंगळवार
काल पेपरात फोटो आला. जात्यावर मी नि शेजारी आप्पा, खाली 'पाटील आणि पाटलीणबाई'. कपाळ भरून कुंकू, गळ्यात डोरलं, नाकात नथ. उदगीरहून भाऊजींचा फोन. धाकटे दीर, पण बोलणं थोरल्याचं. "वैनी, दादाला जाऊन किती दिवस झाले? कुणाच्या शेजारी बसल्या तुमी? पाव्हणे विचारायलेत." मी म्हटलं, काम आहे ते, सोंग आहे. "सोंगालाबी काही मर्यादा असती."
पूजीनं फोटो कापून वहीत चिकटवला. "आई, तू बाबा होते तवा अशीच दिसायचीस."
आत्याबाई रात्री जेवल्या नाहीत. "उद्यापासून जाऊ नको," म्हणाल्या.
सकाळी मात्र डबा त्यांनीच बांधून ठेवलेला. उंबऱ्यात ठेवला आणि आत गेल्या.

२५ एप्रिल, सोमवार
आप्पांची बायको सहा वर्षं अंथरुणावर आहे. अर्धांगवायू. उजवी बाजू गेलेली, बोलणंही अडखळत, आप्पांनाच तेवढं कळतं. पहाटे तिचं सगळं करून येतात, दुपारी शेजारीण भरवते. आज प्रथमच सांगितलं. मग बराच वेळ पटक्याचा शेव गुंडाळत बसले. म्हणाले, "एक मागायचं हाय. राग मानू नका. मी घरी गेलो की ती रोज इचारती, आज पाटलीणबाई काय बोलली, काय नेसली. तिला तुमाला बघायचंय. एकदा याल का? ... लुगड्यावरच आलात तर बरं हुईल."
येते म्हटलं.

२७ एप्रिल, बुधवार
गेले होते. पाचला निघालो. मॅनेजरनं लुगड्यावर बाहेर जाऊ दिलं, उद्या तसंच्या तसं परत आणायच्या बोलीवर.
शरणबाई नाव. खोलीत औषधाचा नि विभूतीचा वास. चेहरा अर्धा ओघळलेला, पण डोळे लख्ख. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसली. हसताना डोळ्यातून पाणी. बाजूला ताटात सगळं मांडून ठेवलेलं: खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. शेजारणीकडून मांडून घेतलं असणार, तीही उशाशी उभी होती.
मला तिथंच कळलं. ओटी भरणार ही.
सांगायचं होतं. खरंच तोंड उघडलं होतं. आप्पा दारात उभे. त्यांना माझं सगळं ठाऊक आहे. त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. कारण तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलायला सुरुवात केली होती. डाव्या हातानं ओटी भरायची नव्हती तिला. मेलेला हात मनगटाला धरून वर आणला, तांदळात टेकवला, चार दाणे चिकटले तेवढे माझ्या पदरात. असं पाच वेळा. घामानं निथळली. मग तसंच कुंकवात बोट बुडवून माझ्या कुंकवावर कुंकू.
काहीतरी बोललीही. दोन-तीन शब्द. मला कळलं नाही. मी मान हलवली.
पदर आवळून बाहेर पडले. एस्टीत एक बाई म्हणाली, "ओटी भरून आलात वाटतं."

२८ एप्रिल, गुरुवार
नारळ रस्त्यातल्या महादेवाला दिला. तांदूळ पक्ष्यांना टाकले. खण तेवढा टाकवेना. आत्याबाईंना सापडला. "कुणी दिला?" म्हटलं, जुन्या गावातला आहे, सोंगाचा.
आप्पांनी आज पानाचा डबा आपणच उठून आणला.

९ मे, सोमवार. अक्षय्यतृतीया
घरात दोन घागरी पाणी. आत्याबाईंनी त्यातला छोटा घडा भरून ह्यांच्या नावानं पुजला. आमरस न करताच नैवेद्य. कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात शेवटी शेवटी पाणी पाणी करत होते, डॉक्टरांनी द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. ते आठवलं. आत्याबाईंनाही तेच आठवत असणार. आम्ही दोघी घड्याकडं बघत बसलो, एकमेकींकडं नाही.
मग अकराला कामावर.

१२ मे, गुरुवार
शरणबाई गेली.
आप्पा आले नाहीत म्हणून मॅनेजरनं फोन लावला तेव्हा कळलं. पहाटे. झोपेतच.
पंधरा दिवस. बरोबर पंधरा दिवस.

१४ मे, शनिवार
परवा तशीच पिंजर पुसून गेले होते. त्यांच्या लिंगायतांत बसवून माती देतात, शेतात. मी पोचले तोवर बायका शरणबाईला शेवटचं कुंकू लावत होत्या, हिरवं लुगडं नेसवलेलं. अहेव गेली, भाग्याची, असं प्रत्येकीच्या तोंडी. मी भिंतीला उभी. मोकळ्या कपाळानं. शेजारीण बघत राहिली. ताट तिनंच मांडलं होतं ना त्या दिवशी. सरकून दूर उभी राहिली.
मला ठाऊक आहे, असं काही नसतं. बारावीपर्यंत शिकलेय. सहा वर्षांचं दुखणं होतं. पण रात्रंदिवस तेच. आणि शरणबाई एकटीच नाही. पाडव्यापासून रोज कुंकू लावलं मी, लातूरच्या, नांदेडच्या, हैदराबादच्या बायांना. त्या घरी गेल्या. त्यांचं पुढं काय झालं, कुणाला ठाऊक. नांदेडची नवरी...
शेवटी काल आत्याबाईंना सांगून टाकलं सगळं. वाटलं, ओरडतील. त्या बराच वेळ गहू निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मव्हा लेक गेला तवा गावानं तुला पांढऱ्या पायाची म्हनलं. मीबी म्हनलं हुतं, एकदा. तुला ठावं न्हाई." मग परत गहू. मी तिथून उठले नाही. उठून जाणार कुठं.

१७ मे, मंगळवार
नवा पाटील आला. तिशीतला, अहमदपूरचा, मिशी चिकटवलेली. दरडावतो मस्त. मॅनेजर खूश. एकाही माणसानं विचारलं नाही की पाटील बदलला कसा, पाटलीण तीच कशी.

२४ मे, मंगळवार
आप्पा आले. पटका आणि अंगरखा परत द्यायला. धुऊन, घडी घालून. एवढ्या टंचाईत धुतला.
दुपारची वेळ, कुणी नव्हतं. ढाळजेत बसले. मी सरळच विचारलं. "आप्पा, त्या दिवशी तुम्ही दारात होता. का बोलला नाहीत?"
"तुमी सांगाल म्हनून थांबलो," म्हणाले. "मग तिचा हात वर आला. सहा वर्षांत तिनं तो हात, डाव्यानं धरूनबी, कदी उचलला न्हवता. मंग मला कोन विधवा, कोन सवाशीन, काय सुचंना. नुसता हात बगत होतो."
"माझ्यामुळं झालं असं वाटतं का तुम्हाला?"
आप्पांनी अंगरख्याची घडी मोडून परत घातली. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. खोटं तरी.
मग आपणच बोलायला लागले. "तुमी गेल्यावर लई बोलली ती. थांबेचना. तिचं सगळं मला कळतं, पर त्या सांजंला एक शब्दबी कळला न्हाई. मी आपलं हाव, हाव करत बसलो. तिला कळलं, मला कळंना झालंय. मंग गप झाली."
"रागात होत्या?"
"डोळ्याला पानी होतं. पर ती हसतानाबी रडायची."
उठले. पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. कपाळावर पिंजर होती माझ्या, कामावर होते ना. बघितलं आणि चपला शोधायला लागले. चपला समोरच होत्या.

२९ मे, रविवार
मॅनेजर म्हणतो दिवाळीपर्यंत कायम करतो. भाऊजी म्हणतात उदगीरला येऊन राहा, तिघीही, घराला घर होईल. आत्याबाई काहीच म्हणत नाहीत. मी दोन्हीकडं "बघू" म्हटलंय.

१ जून, बुधवार
सकाळी फोन. अनोळखी नंबर. आप्पांची मुलगी, महानंदा, देगलूरला दिलेली. आईच्या शेवटच्या दिवसात तिला येता आलं नाही, बाळंतीण होती. आवाज बारीक. "ताई, तुमीच पाटलीणबाई ना? आई तुमच्याशी बोलली म्हने. शेजारच्या काकू सांगत होत्या, ओटी भरताना तिनं कायतरी म्हनलं, तुमी मान हालवली. बाबाला इचारलं तर ते उठून जातात. तुमी सांगा ना, काय म्हनली ती?"
मी म्हटलं, फोनवर नको.
"मग मी येऊ? का तुमी येता? चार दिवस हाय मी चाकूरला. तान्हं हाय जवळ, न्हाईतर आत्ताच आले असते."
येते म्हटलं.
तिला काय सांगू? कळलं नाही, असं सांगू? की मान का हलवली ते? मी कोण आहे ते सांगितलं की बाकीचं तिला ऐकायचंच नसेल कदाचित. किंवा तेवढंच नको असेल, नुसते दोन शब्द हवे असतील, कुठलेही. पोरीला आई काय म्हणेल? "सुखी राहा" म्हणेल. कुणाचीही आई तेच म्हणेल. पण शरणबाई ते म्हणाली का, मला...
कामावर कळवलंय, आज येत नाही. पूजी विचारते, "आज कुंकवाच्या कामाला न जाता कुठं चाललीस?"
साडेदहाची एस्टी आहे. आत्याबाई म्हणाल्या, "थांब, मीबी येते." लुगडं बदलायला आत गेल्यात.