तिघांची शाळा आणि चौथीची सुट्टी

सावंगी (नांदगाव खंडेश्वराजवळची),
कार्तिक, सन १९६३

तीर्थस्वरूप खुशालमामा यांच्या चरणी भाचा देवीदासचा साष्टांग दंडवत.

इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची अकोल्याची हवा कशी आहे? मामींचा गुडघा थंडीने पुन्हा धरला नाही ना? (मागच्या पत्रात त्याचं विचारायचं राहिलं, ते मला आठ दिवस खात होतं.) माझं म्हणाल तर पोटात सारखा गोळा येतो. सौ. इंदू म्हणते की तो गोळा नसून काळजी आहे आणि ओव्याने जायची नाही. तरी ओवा चालू आहे.

मामा, तुम्ही उभा जन्म शिक्षण खात्यात बाबू म्हणून काढला, म्हणून तुम्हालाच विचारावंसं वाटतं: एका वर्गाला मास्तर किती असावेत? मी इथे आल्यापासून चौथीचा मास्तर आहे. गणित मी, भाषा मी, भूगोल मी, टकळीवर सूत मी, आणि कोणाच्या पायात काटा गेला तर तो काढणाराही मीच. याच्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. पण दिवाळीआधी आमचे हेडमास्तर वामनराव अमरावतीला शिबिराला गेले. तिथे पहिल्या दिवशी एका विद्वानांनी सांगितलं की एकाच मास्तराने सगळं शिकवणं हा मुलांवर अन्याय आहे, ज्याचा जो विषय त्याने तोच घेऊन वर्गावर्गांतून फिरावं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विद्वानांनी सांगितलं की पहिले विद्वान चुकले, सगळ्या मास्तरांनी मिळून एकाच वेळी एका वर्गापुढे उभं राहावं. आता वामनरावांना कोणाचं मन मोडवत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्यांनी परत आल्यावर सोमवार ते बुधवार पहिल्या विद्वानांना दिले आणि गुरुवार ते शनिवार दुसऱ्यांना.

तेव्हापासून सोमवारी मी फक्त भूगोल असतो. गणित वामनराव आणि भाषा माणिकबाई. (या नवीन आल्या आहेत. नांदगावहून एस.टी.च्या मोटारीने येतात, नोकरी अजून कायम नाही. हुशार आहेत, पण मोटारीकडे त्यांचा एक डोळा असतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही.) घंटा झाली की आम्ही तिघं ओसरीत एकमेकांना आडवे जातो, आणि दर वेळी मला वाटतं की मी चुकीच्या वर्गात चाललो आहे. दोनदा खरंच गेलो. माझ्या खुर्चीवर वामनरावांची टोपी असते. त्याचंही काही नाही, पण डोमाजीच्या सुंदरीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी तिला भिंतीशी, उजवा कान माझ्याकडे येईल अशी बसवत असे. वामनरावांनी उंचीप्रमाणे ओळी लावल्या आणि ती पलीकडे गेली. पोरीची गणितं धडाधड चुकू लागली, आणि वामनरावांनी शेरा दिला की लक्ष नाही. मी सांगितलं तर म्हणाले, ‘देवीदासजी, तुम्ही भूगोल आहात.’ मामा, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गावकऱ्यांचीही पंचाईत झाली. पुंजाजी म्हणून एक शेतकरी आहे, त्याचा मुलगा माझ्याच वर्गात आहे (होता म्हणू की आहे म्हणू, हेच कळत नाही). तो धोतराचा सोगा खोचून आला आणि म्हणाला, “गुरुजी, आमचं पोरगं आता कोनाचं? नापास झालं त मी कोनाले धरू?” वामनराव म्हणाले की जबाबदारी सामुदायिक आहे. पुंजाजी म्हणाला, “गावची हीर बी सामुदायिकच हाय. तिचा गाळ काढाले कोन आलं सांगा बरं?” यावर वामनरावांनी ही शंका वहीत टिपून घेतली आणि पुढच्या शिबिरात विचारू म्हणाले.

आता गुरुवारचं ऐका, कारण माझ्या पोटातला गोळा त्या दिवसाचा आहे. गुरुवारी पहिली-दुसरीला दुपारीच सोडतात आणि तिसरी-चौथी मोठ्या खोलीत एकत्र बसवून आम्ही तिघं पुढे उभे राहतो. गावात याला ‘तिघायची शाळा’ म्हणतात. एक फळ्यावर लिहितो, एक नकाशा धरतो, आणि मी बहुतेक खडू धरतो. शाळा सुटताना मात्र आमच्याकडे जुनीच रीत आहे: सगळी मुलं उभी राहून पाढे म्हणतात आणि मास्तरने ‘जा रे’ म्हटल्याशिवाय हलत नाहीत. ही शिस्त मीच लावली आणि तिचा मला अभिमान होता. पंधरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी पाढे सुरू झाले तशी माणिकबाईंची मोटार आली. दोन पुरुष आहेत म्हणून त्या निघाल्या. वामनरावांना सरपंच जानरावांकडे काम होतं. माणिकबाई आणि मी आहोत असं समजून तेही निघाले. माझं पोट दुखत होतं, आणि खुंटीवर वामनरावांची टोपी दिसली म्हणून मीही घरी आलो. ज्या माणसाला टोपी विसरायची खोड आहे त्याच्या टोपीवर विसंबू नये, हे मला तेव्हा सुचलं नाही.

घरी ओवा चावत बसलो होतो. दिवस मावळायला आला तरी शाळेतून पाढे ऐकू येत होते. तिसापर्यंत जाऊन आले, मग पावकी झाली, निमकी झाली, दिडकी लागली. मी इंदूला म्हणालो, वामनराव आज पोरांना फारच पिळून राहिले. ती चुलीपाशी होती. ती म्हणाली, “वामनराव त आताच आपल्या दारावरून बोडखे गेले. बाई मोटारीत बसल्या. तुमी अथी ओवा खाऊन राहिले. मंग पोरायजवळ कोन हाय?”

मी अनवाणी धावलो. शाळेच्या आवारात पाहतो तो कापूस वेचून परतणाऱ्या बाया डोक्यावरच्या गाठोड्यांसकट उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्यात सरपंच होते, आणि दुसऱ्या बाजूने वामनराव धापा टाकत येत होते. आत अंधारात पोरं घसा बसेपर्यंत दिडकी म्हणत होती. मी खिडकीतून ‘जा रे’ म्हणालो, तेव्हा सुटली. आता आपली नोकरी गेली असं समजून मी भिंतीला टेकलो, तर सरपंच म्हणाले, “वा वामनराव! दिवेलागणीपर्यंत पोरं शिकून राहिले. शाळा असावं त असं.” वामनरावांनी नम्रपणे मान खाली घातली. मीही घातली.

त्यातून हे निघालं की सरपंचांनी अमरावतीला कळवलं आणि येत्या शुक्रवारी तपासणीचे साहेब ही पद्धत पाहायला येताहेत. हे साहेब पूर्वी अकोल्याला तुमच्याच कचेरीत होते आणि मामींच्या हातची भाकरी जेवले आहेत. त्यांना आवडलं तर हजेरीपटावर वर्गशिक्षकाचं नाव लिहिणं बंद होईल आणि तिथे ‘संघ’ असं येईल. म्हणजे चौथी माझी राहणार नाही, कधीच. खरं सांगायला जावं तर आम्ही तिघंही पोरांना सोडून गेलो हे उघडं पडेल आणि पहिली कुऱ्हाड माणिकबाईंवर पडेल. न सांगावं तर वर्ग जातो. पण तुम्ही याची काही चिंता करू नका. मी फक्त मन मोकळं करायला लिहिलं, मला काही नको आहे. मामींना नमस्कार.

तुमचा,
देवीदास

ता. क. : तुमच्या जिल्ह्यात एखादी एकशिक्षकी शाळा रिकामी आहे का? जिथे दुसरा मास्तर यायला रस्ताच नाही अशी असली तर उत्तम. छप्पर नसलं तरी चालेल. एकट्या माणसाचा संघ होत नाही.

ता. क. दुसरा : हे पाकिटात घालणार तोच दारात गलका झाला. आज शनिवार, पुन्हा तिघांची शाळा होती आणि मी वामनरावांना सांगून जरा लवकर आलो होतो. वामनरावांनी मुलांना सुट्टी दिली. ती हलली नाहीत म्हणून माणिकबाईंनी मोटार थांबवून पुन्हा दिली. तेव्हा पोरं रांगेने निघाली ती अख्खी चौथी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. मी विचारलं, काय रे? सुंदरी उजवा कान माझ्याकडे करून म्हणाली, “गुरुजी, आमाले सुट्टी नाई भेटली अजून.” इंदू म्हणाली, “द्या ना मंग. उभे काहून ठेवले लेकरं?” मी दिली. गेली.

ता. क. शेवटचा : वरचा एकशिक्षकी शाळेचा मजकूर खोडला आहे असं समजावं. त्याऐवजी एवढंच करा. साहेब शुक्रवारी येतील ते चारच्या मोटारीने परत जायची घाई करतील. त्यांना दोन ओळी लिहा की पद्धत कोणतीही दाखवोत, शाळा सुटेपर्यंत थांबा आणि मग चौथीच्या मुलांच्या मागोमाग चालत जा. कुठे, ते लिहू नका. इंदूने चहाला दूध सांगून ठेवलं आहे.