सारखं केलेलं पीठ

माय, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल कसं ही अडचण माझ्या दृष्टीनं दुसऱ्या क्रमांकाची आहे. तू होतीस तेव्हा तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे आणि त्यातलं वाईट तेवढं गाळायचे. आता लिहिणारीही मीच, म्हणजे फारसं काही बदललेलं नाही. कॉलेजात संस्कृत शिकवते आहे अजून. वर्गात पोरं कमी होत चालली आहेत, पण जी येतात ती सभ्य असतात, जांभई देतानाही तोंडावर हात ठेवतात. तू म्हणायचीस, "तुहं संस्कृत देवालेच समजते, माणसाले काय उपयोग?" देवाला तरी समजतं का, हेही हल्ली मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आज लिहायला बसले ते तुझ्या लेकासाठी. माझा धाकटा भाऊ जुगार खेळतो. आकडा माय देते असं तो म्हणतो. तेव्हा तुझ्याशी बोलणं भाग आहे.

गावात कुणी गेलं की दहाव्याच्या आदल्या दिवशी तुला बोलावणं यायचं. माणूस जिथं गेला ती जागा सारवायची, तिच्यावर तांदळाचं पीठ पातळ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा आणि वर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कुणाचं पाऊल उमटलं. त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते ठरायचं. तू डावखुरी. डावा तळवा एकदाच फिरवायचीस आणि पीठ वारा पडल्यावरच्या बोडीच्या, आपल्या गावतळ्याच्या, पाण्यासारखं व्हायचं. हात उचलताना कडेला तेवढी एक वळलेली रेघ राहायची, ती तुझी सही. मी हट्ट करून कधी पसरायला बसले तर तुझं ठरलेलं, "पीठ पसरवून राहिली का वावर नांगरून राहिली?" सकाळी सगळं घर तुझ्या तोंडाकडे बघत उभं असतं. तू वाकतेस, मान किंचित कलती करतेस, मग सांगतेस, गाईचं पाऊल आहे. कधी चिमणीचं. लोक रडतात आणि मग त्या दिवशी पोटभर जेवतात. एकदा तू चुलीपुढं बसून भाजी ढवळत होतीस तेव्हा मी विचारलं, तुला खरंच दिसतं का. तू ढवळायची थांबली नाहीस. "पिठात पीठ दिसते. मी उभ्या असलेल्यायचे तोंडं पाह्यतो अन् ज्याले जे पाह्यजे ते सांगतो. कोणाले सांगशीन तं पाह्य." त्या वयात मला भुतांची भीती वाटायची. त्या दिवसापासून, तुला काहीच दिसत नाही याची जास्त वाटायला लागली.

तू गेलीस तेव्हा तुझ्या हाताचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी बसले. गुठळ्या राहिल्या, बोटांचे ओरखडे राहिले, सारखं करायला जावं तर आणखी बिघडायचं. शेवटी तशीच टोपली घातली, दार ओढून कडी लावली. सकाळी ती कडी मीच काढली. टोपली उचलली तर पीठ सपाट होतं. गुठळी नाही, ओरखडा नाही, आणि डाव्या कडेला ती वळलेली रेघ. जमलेल्या बायका म्हणाल्या, काहीच नाही उमटलं, सुटली बिचारी. उंदीर फिरला तर ठसे राहतात, वारा शिरला तर पीठ उडतं. पीठ सारखं करून कोण जातं, याचं उत्तर मी शिकलेल्या कुठल्याच शास्त्रात नव्हतं. आदल्या दिवशी ते कसं होतं हे फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले. भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला. मेल्यावरसुद्धा तुला माझं काम पसंत पडलं नव्हतं. भाऊ मात्र त्या रेघेकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "नऊ." त्यानं नऊ लावला आणि नऊ आला. माझं मत विचारशील तर तुझी चूक तिथंच झाली. पहिल्याच दिवशी हरवायला हवं होतंस त्याला.

त्याचं भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर खत-बियाण्याचं दुकान आहे, घर दुकानाच्या मागं. आधी तो फक्त तुझ्या तिथीला पीठ पसरायचा. मग दर अमावस्येला. आता आकडा लावायला पानठेल्यावर जावं लागत नाही, मोबाइलवर लागतो, म्हणून तुलाही रोज यावं लागतं. जिवंतपणी त्यानं तुला इतक्यांदा बोलावलं नव्हतं. मागच्या खोलीत सदा पीठ अंथरलेलं. भर मे महिन्यात तिथला पंखा बंद, उडेल म्हणून. घरातली माणसं त्या दाराजवळून भिंतीला घासून चालायची आणि हळू बोलायची, जणू आत कुणी आजारी आहे. मुंगळ्यांची वाट म्हणजे एक आकडा, पालीची शेपटी फिरली की दुसरा. आला तर मायनं दिला, गेला तर "मी वाचाले चुकलो." माय, न्यायशास्त्र शिकताना मी नाना तऱ्हेचे हेत्वाभास, म्हणजे फसवे युक्तिवाद, पाठ केले. पण ज्यात हरता येतच नाही असा वाद मी त्याच्याकडेच पहिल्यांदा पाहिला. आणि अशा वादानं तो रोज हरत होता.

मग एका दुपारी त्याची बायको खाटेवर झोपली होती. उठली, पाय खाली टेकवले, तर तळव्यांना गार आणि मऊ काही लागलं. ती झोपेत असताना त्यानं खाटेभोवती पीठ पसरलं होतं. ती तशीच उभी राहिली आणि तो गुडघ्यांवर वाकला. तिनं हाक मारली, त्यानं वर पाहिलं नाही. मला फोनवर सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. "ताई, थे माह्या पावलाकडे पाहून राह्यले होते, माह्याकडे नाही." त्याच दिवशी ती नाकाडोंगरीला माहेरी निघून गेली. तिची अट एकच होती. नवऱ्यानं इलाज घ्यावा आणि घेत राहावा, तरच ती परत येईल.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात यासाठी एक समुपदेशक मुलगी बसते. हा तिला उपदेशवाली बाई म्हणतो, वास्तविक उपदेश तेवढा ती करत नाही. जायचं नाही याची त्याच्याकडे भरपूर कारणं होती. तिथं पागल जातात, मी पागल दिसतो का. बोलून बिमारी जाते तर बायको इतकी वर्षं बोलली, मग काहून नाही गेली. फुकटात भेटते ते औषध कायचं. एकदा मात्र गेला, कारण चहाच्या टपरीवर दोस्तांनी पैज लावली होती की हा काही जात नाही. पैज जिंकला आणि पुन्हा गेला नाही, कारण पुढच्या खेपेवर कुणी काही लावलंच नाही. मी शेवटी तुझं चुलीपुढचं गुपित फोडलं, म्हटलं, मायलाच कधी काही दिसत नव्हतं. तो हसला. "तिले नाही दिसलं म्हून मले नाही दिसन का?" आणि मग खाली बघून खरं कारण बोलला. "ताई, मी बरा झालो तं माय येणं बंद करन. तूच सांग, असा इलाज कोण घेते?" मी त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि भंडाऱ्याला नेलं.

त्या खोलीत पंखा जोरात चालू होता आणि भाऊ सारखा त्याच्याकडे बघत होता. पिठाचं ऐकून ती मुलगी हसली नाही, दचकलीही नाही. तिनं फक्त विचारलं, तुम्ही हरता त्या दिवशी आई कुठं असते? त्यानं एकदम माझ्याकडे बोट केलं. "तो पह्यला दिवस ताईनंबी पाह्यला. तिले विचारा. तिनं हो म्हटलं तं मी बिमार नाही, उठून चाललो. नाही म्हटलं तं तुम्ही म्हणान तवा येतो." मुलगी म्हणाली, "दादा, तुमचं येणं यांच्या उत्तरावर लावू नका." पण त्यानं लावून टाकलं होतं. बायको, घर, उरलेलं आयुष्य, सगळं एका माझ्या शब्दावर. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अगदी तुझ्यासारखा, मान किंचित कलती करून. "तुहं तोंड मी पाह्यलं होतं ताई त्या दिवशी. तुलेबी दिसलं होतं."

मी म्हटलं, "माझी माय मेली होती. तोंड कसं असणार?" आणि मग, आवाज न हलवता, "पिठात काही नव्हतं. मी जसं पसरलं होतं तसंच्या तसं होतं."

मग त्यानं मान खाली घातली आणि त्या मुलीला विचारलं, "पुढचं कवा येऊ?"

तो जातो आहे, माय. मध्ये एकदा घसरला, पण ते तिथं जाऊन स्वतःच सांगितलं. बायको परत आली आहे. मागची खोली तिनं धुऊन काढली आणि आता तिथला पंखा फिरतो, तिथं बसून तांदूळ निवडतात. हे पत्र मी तिथीच्या पानाखाली ठेवणार नाही, वैनगंगेत सोडणार नाही, कुणाला दाखवणार तर मुळीच नाही. माझ्या कपाटात संस्कृताखाली पुष्कळ जागा आहे, तिथं कुणी हात घालत नाही. परवा तुझ्या तिथीला गावी निघालो होतो, तो स्कूटरवर मागं बसलेला. कारध्याच्या पुलावर मागून बोलायला लागला, की बरं वाटते, झोप लागते, पण माय आता घरात नाही वाटत, पह्यले मांगच्या खोलीत असे. मग विचारलं, "खरंच काही नव्हतं का वो, ताई?" त्याला माझं तोंड दिसत नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं. हे खोटं त्याच्यासाठीच होतं, असं मी कुणालाही सांगू शकते आणि ते खोटं नाही. पण तुझ्या हाताची ती रेघ त्यानं आकडा म्हणून मोडली, हे मला इतकी वर्षं सहन झालं नव्हतं. मी नाही म्हटलं आणि तू त्याच्याकडून निघालीस. आता तू आलीस हे ठाऊक असलेली मी एकटीच आहे. पूल संपेपर्यंत तो माझ्या पाठीशी रडत होता, आणि मला, माय, बरं वाटत होतं.