तिसरी घागर

पहूर, माघ वद्य ५, शके १८४०

चिरंजीव अभिमन यास थोरली बहीण भिकुबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, म्हणजे जे उरले ते ठीक. दोन महिन्यांत तुझं एक पत्र, तेही चार ओळींचं. पोरांकडून पाटीभर शुद्धलेखन घेणाऱ्या मास्तराला बहिणीपुरती शाई मिळत नाही का?

आश्विनातल्या तापाने तुझी सात वर्षांची कस्तुरा नेली, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून तिची आई प्रमिला बोलत नाही असं लिहितोस. ती जेवते का, निजते का, ते लिहीत नाहीस. माझे मालक गेले तेव्हा तूच मला लिहिलं होतंस की अक्का, घरात कोंडून घेऊ नकोस, बांधावर जाऊन बस, ऋतू माणसाला हळूहळू बरं करतात. मला तुझा राग आला होता, पण बसले. दोन वर्षं बोरीखाली बसले आणि एका सकाळी मला भूक लागली. तुझंच औषध तुला परत पाठवते आहे. पळस फुलला असेल, तिला घेऊन जा.

उत्तर सविस्तर यावं. आशीर्वाद आहेतच.

भिकुबाई


पिंपळनेर, फाल्गुन शुद्ध १२

तीर्थरूप अक्कास अभिमनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

रागावलीस ते बरं केलंस, इथे मला रागावणारं कोणी उरलं नाही. प्रमिला जेवते, वाढलं तेवढंच. रात्री तिचे डोळे मिटलेले असतात, झोप लागते की नाही ते कळत नाही.

परवा तिला डोंगराच्या वाटेवर नेलं. यंदा पावसाने दगा दिला, ज्वारी करपली, पांझरा नदीत नुसती वाळू आहे, आणि पळस मात्र दरवर्षीपेक्षा जास्त लाल. मला त्याची चीड आली. कस्तुरा त्या फुलांचा रंग करून माझं धोतर खराब करायची आणि मी तिला ओरडायचो. प्रमिलाने फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकटीच माघारी चालू लागली.

अक्का, मी तुला तेव्हा लिहिलं ते खोटं होतं. माझं काही गेलं नव्हतं म्हणून मला ते सुचलं. क्षमा असावी.

तुझा, अभिमन


पहूर, चैत्र शुद्ध ९, शके १८४१

चिरंजीव अभिमन यास अनेक आशीर्वाद.

खोटं असलं तरी मला लागू पडलं, त्याला मी काय करू? औषध गुण देतं तेव्हा वैद्याने मध्ये बोलू नये.

महिन्याभरात अक्षय्य तृतीया येईल, आपली अखाजी. मी माहेरी यायची तेव्हा तू लिंबाला झोका बांधायचास आणि दोर नेमका कच्चा आणायचास. माझं कोपर अजून दुखतं. पण यंदाची अखाजी वेगळी आहे. वर्षभरात गेलेल्याची पहिली घागर त्या दिवशी भरतात. नवी घागर, गार पाणी, शेजारी डांगराचं फळ, आणि गेलेल्याचं नाव घेऊन हात जोडायचे. पाणी पोचलं की तिकडची तगमग थांबते, आणि इकडचीही. लेकराची कुठे घागर भरतात, असं गावातले शहाणे म्हणतील. म्हणू देत. तू भर, आणि प्रमिलाच्या हाताने भर. नाव घेण्यासाठी तरी तिचं तोंड उघडेल. ते एकदा उघडलं तर ती तुला परत मिळेल, नाहीतर मला तिची फार भीती वाटते.

तिला माझ्या वतीने जवळ घे.

भिकुबाई


पिंपळनेर, वैशाख शुद्ध ४

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार, वि. वि.

चैत्रभर प्रमिला पहाटे पाड्यावरच्या दिवालीबाईबरोबर मोहाची फुलं वेचायला गेली. दिवालीबाई सांगते की झाडाखाली ती अगदी शांत असते, मांडीवर फुलं घेऊन बसते, एकदा तर हसलीसुद्धा. घराच्या उंबऱ्याशी आली की चेहरा पुन्हा आवळतो. जंगलाने तिला काही दिलं असेल, पण त्यात माझा वाटा नाही. तरी मला आशा वाटू लागली होती, ती तुझ्यापासून लपवत नाही.

काल अखाजी झाली. मी कुंभाराकडून एक घागर आणली होती. ती स्वतः जाऊन दुसरी घेऊन आली. अंगणात लिंबाखाली दोन्ही मांडल्या, दोन्ही भरल्या. पहिलीपुढे हात जोडून ती मोठ्याने कस्तुरा म्हणाली. साडेसहा महिन्यांनी तिचा आवाज ऐकला, मला रडू आवरेना. मग दुसरी कुणाची म्हणून विचारलं. आपल्या आईची असेल असं वाटलं होतं. दुसरी मनी शे, एवढंच ती म्हणाली, आणि स्वतःच्या त्या घागरीपुढेही तिने हात जोडले. त्यानंतर पुन्हा बोललेली नाही.

आता काय करू ते कळव.

अभिमन


पहूर, वैशाख शुद्ध ११

चिरंजीव अभिमन यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

नीट ऐक. मेलेल्याची घागर एकदा भरतात. जित्या माणसाला रोज तहान लागते. तिची घागर रोज सकाळी तू भर, तिच्या देखत भर, रिकामी होऊ देऊ नकोस. पाणी लांबून आणावं लागेल तर आण, मास्तरकीने कंबर झिजत नाही. याहून शहाणपण माझ्यापाशी नाही. सुट्टी लागली की दोघं इकडे या.

भिकुबाई


पिंपळनेर, ज्येष्ठ शुद्ध ३

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार, वि. वि.

पंधरवडाभर तुझं ऐकलं. नदीत वाळूतला झिरा उकरून रोज पाणी आणलं आणि तिची घागर काठोकाठ भरली. एक भरायची आणि दुसरी कोरडी ठेवायची हे जिवावर आलं, म्हणून कस्तुराचीही भरत होतो. प्रमिलाने त्यातलं घोटभरही घेतलं नाही. साळुंक्या काठावर बसून पीत, खार येई, आणि ती उंबऱ्यात बसून त्यांना बघत राही. ती मला परत मिळेल ही आशा मी सोडली आहे. तूही सोड.

परवा मला ताप भरला, उठवेना. दुपारी अंगणात पाणी ओतल्याचा आवाज आला. भिंत धरून दाराशी गेलो. तिने दोन्ही घागरी भरल्या होत्या, तिचा पदर ओला होता. आणि त्यांच्या ओळीत एक तिसरी नवी घागर मांडून ती तीही भरत होती. भरून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही विचारलं नाही. अक्का, ती तिसरी माझी आहे.

मला भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. लिंबाची सावली तिन्ही घागरींवर होती आणि एक साळुंकी एकीवरून दुसरीवर जात होती. मी तिथेच दारात आडवा झालो आणि आश्विनानंतर पहिल्यांदा गाढ झोपलो. दिवेलागणीला जाग आली तेव्हा ती शेजारी बसलेली होती.

ताप उतरला आहे. पहूरला येत नाही, रागावू नकोस. आम्ही आता इथे एका जागी आहोत. लोभ पूर्वीसारखाच तिघांवर ठेव.

तुझा, अभिमन